उताराचं देणं

आमचं पेट्रोल बाटलीत असतं.
पाण्याची दीड लिटरची बाटली,
वर झऱ्याचं चित्र अजून चिकटलेलं,
झाकणाला भोक, भोकातून नळी इंजिनात.
टाकी आहे, गंजलेली.
बाबा म्हणतात, बरंच झालं,
टाकीत कळत नाही माणसाला आपण किती पितो.

गाडी रेनो, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी,
रंग साईचा, अंतानानारिवोतल्या सगळ्या टॅक्सींचा असतो तोच.
गिअर छत्रीच्या मुठीसारखा डॅशबोर्डातून बाहेर आलेला.
ढकलायचा, पिळायचा, ओढायचा.

बाबांची नजर आधी कडेकडेने गेली, मग मधली.
तेव्हापासून चाक माझ्याकडे.
ते शेजारी बसतात, मांडीवर गवती टोपी, कान बॉनेटकडे.
गिऱ्हाइकाला वाटतं म्हातारा पेंगतोय.
"आता," ते म्हणतात.
म्हणजे तिसरा टाक.
ओरडायच्या आत टाक, फानिरी,
ओरडणारं इंजिन आपल्या ताटातलं खातं.

पायाखाली भिजलेला तांदूळ आहे समज.
दाबायचा. चुरडायचा नाही.
ब्रेक म्हणजे विकत घेतलेला वेग
रस्त्यावर ओतून देणं.
पुढच्या बसकडे बघू नकोस,
तिच्या पुढे काय चाललंय ते बघ.
एवढं बोलून ते जरा वेळ गप्प होतात
आणि काच खाली करतात.

सकाळी टायरला टिचकी मारून हवा ऐकतात.
मामीची कोळशाची गोणी तीन महिने डिकीत फिरत होती,
ती त्यांनी अंदाराने चाचपून बाहेर काढली.
"हिचं भाडं कोण देतं?"
मामी आठवडाभर बोलली नाही.

आणि अंदोहालोच्या माथ्यावर आलं की
किल्ली मागे. अर्धीच.
पुरती फिरवलीस तर चाक कुलूप होईल, आपण भिंतीत.
मग गाडी नुसती वजनाने उतरते,
आणि एवढा वेळ इंजिनाखाली दबलेलं शहर वर येतं:
कुणाचं तरी धुणं आपटणं,
शाळेतला पाढा,
मागच्या सीटवर मक्याचं कणीस खाल्लं जाणं.

जुलैत फेनोने फोनवर सांगितलं,
रेयुनियाँचे कागद झाले. एकट्याचे.
मी त्या दिवशी नेहमीसारखीच चालवली.
निदान मला तसं वाटलं.
रात्री बाबांनी बाटली काढली,
हातात तोलली,
बाहेरून अंगठा फिरवत
गारवा कुठे संपतो ते शोधलं.
"दोन बोटं जास्त."
मी म्हटलं, गर्दी होती. मासिना बाजार.
"गर्दीत एक बोट जातं," ते म्हणाले.
"दुसरं कोणाचं?"

मी सांगितलं नाही.
त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं,
मग आणखी घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी टाय लावलेला एक पोरगा,
बँकेत मुलाखत, उशीर झालेला.
भाडं आधी घेतलं, पंपावर गेलो, बाटली भरली,
त्याने घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे.
माथ्यावर मी विसरले.
बाबांनीच हात लांब करून किल्ली मागे घेतली,
न चाचपता.
"बंद पडली?" पोरगा पुढे वाकला.
"नाही. ऐक."

आणि मला, हळू,
"चढाला जे घातलं त्यातलं काही
उतार परत देतो, पोरी.
सगळं नाही देत."

खाली तळ्याकाठी जॅकरंडा अजून नुसता काटक्या.
मी त्याकडे बघत राहिले.
थांबायच्या आत दुसऱ्यात क्लच सोडायचा असतो,
हे मला सातव्या वर्षापासून पाठ आहे.
गाडीने एक हेलकावा खाल्ला आणि उभी राहिली,
बरोब्बर पोलिसासमोर.

पोरगा उतरला.
टाय खांद्यावर टाकला,
बाह्या दुमडल्या, नव्याकोऱ्या,
आणि ढकलायला लागला.
बाबाही उतरले, त्याच्या शेजारी हात टेकून,
तोंड भलत्याच दिशेला.

"आता," ते ओरडले.